मुंग्यांची वाट : जबड्याची शस्त्रक्रिया आणि बधिर ओठाचा इतिहास

पुढे आलेला किंवा मागे राहिलेला जबडा कापून, सरकवून योग्य जागी पुन्हा जोडण्याच्या शस्त्रक्रियेला वैद्यकात ऑर्थोग्नॅथिक, म्हणजे जबडा सरळ करणारी शस्त्रक्रिया म्हणतात, आणि खालच्या जबड्यावर ती झाल्यानंतर शुद्धीवर आलेल्या बहुतेक रुग्णांचा खालचा ओठ व हनुवटी काही काळ बधिर असते. सूज उतरते, टाके विरघळतात, हाडही काही आठवड्यांत सांधू लागते. बधिरता मात्र या कुठल्याच वेळापत्रकाला जुमानत नाही. ओठ हलतो, रुग्णाला हसता येते, शीळही घालता येते, पण त्याच ओठाखाली चिकटलेले भाताचे शीत समोरच्याने सांगेपर्यंत कळत नाही, चहा किती कढत आहे हे जिभेला समजेपर्यंत ओठ पोळून गेलेला असतो, आणि दाढी करताना ब्लेड लागल्याचे कळते ते आरशात रक्त दिसल्यावर. हालचाल शाबूत आणि जाणीव नाहीशी, अशी ही फारकत कशामुळे होते हे वैद्यकाला जेमतेम दोनशे वर्षांपूर्वी उमगले. त्याआधीपासून आणि नंतरही दीर्घकाळ शल्यविशारद हीच नस मुद्दाम तोडत होते, आणि ती पुन्हा वाढून आली की तो आपला पराभव मानत होते.

ज्या नसेचा हा इतिहास आहे तिला शालेय विज्ञानाच्या भाषेत चेता म्हणतात. चेता ही दोरखंडासारखी असून तिच्यातला प्रत्येक सुटा धागा म्हणजे चेतातंतू. मेंदूतून निघणाऱ्या चेतांच्या बारा जोड्यांपैकी पाचवी तीन फाट्यांत विभागते, आणि म्हणूनच पॅरिसचे शरीररचनाशास्त्रज्ञ विन्स्लो यांनी १७३२ मध्ये तिला तिळ्यांवरून नाव दिले, तेच आजच्या ‘ट्रायजेमिनल’ या शब्दात टिकून आहे. तिच्या तिसऱ्या फाट्याची एक शाखा जबड्याच्या मागच्या उभ्या पट्टीच्या आतल्या बाजूने खाली येते, एका छिद्रातून हाडात शिरते, दाढा-दातांच्या मुळांखालून हाडाच्या नळीतून पुढे सरकते आणि उपदाढांच्या खाली दुसऱ्या छिद्रातून बाहेर पडून खालच्या ओठाला व हनुवटीला जाणीव पुरवते. आत शिरण्याच्या छिद्रावर हाडाची एक छोटी जिभलीसारखी कड असते, तिला बव्हेरियाचे निसर्गशास्त्रज्ञ स्पिक्स यांचे नाव आहे. पुढे ब्राझीलच्या जंगलात गेलेले आणि एका निळ्या पोपटाला आपले नाव देऊन गेलेले स्पिक्स ते हेच. एवढ्या अरुंद हाडी बोगद्यातून जाणारी स्पर्शाची चेता शरीरात विरळाच, आणि या बोगद्यामुळे ती जशी संकटात सापडते तशीच त्याच्याच आधाराने वाचतेही. तिच्या इतिहासातली बहुतेक वळणे या एका गोष्टीपाशी येऊन थांबतात.

चेहऱ्याची हालचाल एका चेतेकडे आणि चेहऱ्याचा स्पर्श दुसरीकडे आहे, हे दाखवण्याचे श्रेय सहसा चार्ल्स बेल यांना दिले जाते, पण त्या शोधाची वाट सरळ नव्हती. लंडनमध्ये काम करणाऱ्या बेल यांनी १८२१ मध्ये रॉयल सोसायटीपुढे मांडलेल्या निबंधात गाढवावरचे प्रयोग दिले होते. पाचव्या चेतेची ओठाकडे जाणारी शाखा तोडल्यावर गाढवाला ओठांनी दाणे उचलता येईनात, यावरून त्यांनी असे अनुमान काढले की खाण्यासाठी लागणारी ओठाची हालचाल याच चेतेकडे असावी. पुढच्याच वर्षी हर्बर्ट मेयो यांनी ही चूक उघडी केली : गाढवाचा ओठ लुळा पडलेला नव्हता, दाणा ओठाला लागला आहे हेच त्याला कळत नव्हते, आणि जे लागत नाही ते उचलायचे कसे? जबड्याच्या शस्त्रक्रियेनंतर पेल्याच्या कडेवर ओठ नीट न टेकल्यामुळे ज्याचे पाणी हनुवटीवरून ओघळते, तो रुग्ण मेयो यांच्या गाढवाच्याच अवस्थेत असतो, ही तुलना कितीही अनादराची वाटली तरी शास्त्रदृष्ट्या चोख आहे. बेल यांनी नंतर आपले मत सुधारले, आणि त्यांच्याच लेखनात या बधिरतेचे एक नेमके चित्र सापडते. खालच्या जबड्यातला दात उपटताना एका गृहस्थाची ही चेता दुखावली. त्यानंतर त्यांनी पाण्याचा पेला ओठाला लावला तेव्हा आपल्याला फुटका पेला दिला आहे असे त्यांना वाटले. पेला धड होता. अर्ध्या ओठाला त्याची कड लागतच नव्हती, म्हणून मेंदूने उरलेली अर्धी कड तुटली आहे असे धरून घेतले. बधिरता म्हणजे केवळ काहीतरी न जाणवणे नसून बाहेरचे जगच मोडके वाटणे, हे इतक्या थोडक्यात क्वचितच कुणी सांगितले असेल.

त्या काळातल्या शल्यविशारदांच्या दृष्टीने मात्र बधिर ओठ ही तक्रार नव्हती, तो उपचाराचा हेतू होता. पाचव्या चेतेत उठणाऱ्या असह्य कळांचा एक विकार आहे, जो वाऱ्याच्या झुळुकीने किंवा नुसता घास चावल्यानेही चेहऱ्याच्या एका बाजूला वीज कोसळावी तशी वेदना देतो. निकोला आंद्रे या फ्रेंच शल्यविशारदाने १७५६ मध्ये त्याला दिलेले ‘टिक दूलूरू’, म्हणजे वेदनेचा झटका, हे नाव अजूनही वापरात आहे. गुंगीचे औषध नसलेल्या त्या काळात, ज्या शाखेत कळ उठते ती तोडून टाकणे हा उपाय केला जाई. तोडल्यावर ओठ बधिर होई, वेदना थांबे, रुग्ण दुवा देई. आणि काही महिन्यांनी किंवा वर्षाने ओठात आधी झिणझिण्या, मग स्पर्श आणि त्याच्या मागोमाग जुनी वेदना परत येई. चेतेचा नुसता छेद पुरत नाही हे ध्यानात आल्यावर तिचा तुकडाच कापून काढण्याची रीत पडली, तरीही ती वाढून येई, कारण हाडाची पोकळ नळी नव्या तंतूंना वाट दाखवायला तयारच असे. मग ती वाट बुजवण्याचे प्रयत्न झाले, आणि हाडातल्या छिद्रांत सोने-चांदीसारख्या वस्तूंची बुचे ठोकण्यापर्यंत मजल गेली. लाइपझिगच्या टीर्श यांनी १८८०च्या दशकात याहून उग्र मार्ग काढला : चेता चिमट्यात धरून तो चिमटा सावकाश गोल फिरवत राहायचे, म्हणजे दोरा रिळावर गुंडाळावा तशी ती मुळापासून ओढली जाऊन बाहेर येते. इतके करूनही पुष्कळदा ती परत येई, आणि अखेर शल्यविशारद कवटीच्या आत, चेतेच्या मुळाशी जाऊन पोहोचले.

या अपयशांच्या मालिकेत शरीरशास्त्राला एक अमोल पुरावा हाती लागत होता, तो म्हणजे चेता पुन्हा वाढते हा. विल्यम क्रुकशँक यांनी कुत्र्यांवरच्या प्रयोगांतून हे १७७६ मध्येच मांडले होते, पण त्यांचा निबंध छापला गेला तो १७९५ मध्ये, आणि त्याच वर्षी जॉन हेटन यांनी दाखवले की दोन टोकांमध्ये भरून आलेला भाग हा नुसता व्रण नसून त्यातून चेतेचे काम खरोखर चालते. तुटलेल्या तंतूंचे नेमके काय होते हे दिसायला सूक्ष्मदर्शकाची गरज होती. ऑगस्टस वॉलर यांनी १८५० मध्ये बेडकाच्या जिभेकडे जाणाऱ्या चेता तोडून दाखवले की छेदाच्या पुढचा, म्हणजे मूळ पेशीपासून अलग पडलेला भाग काही दिवसांत विरून जातो आणि मागचा जिवंत राहतो. या क्रियेला आजही वॉलर यांच्याच नावाने ओळखले जाते. जिवंत राहिलेल्या टोकातून नवा अंकुर फुटतो आणि तो रिकाम्या पडलेल्या जुन्या वेष्टनातून पुढे सरकतो, हे स्पेनच्या सांतियागो रामोन इ काहाल यांनी आपल्या चित्रांतून व १९१३-१४ मध्ये प्रसिद्ध झालेल्या दोन खंडांतून इतक्या बारकाईने मांडले की त्यानंतर वादाला फारशी जागा उरली नाही. वाढीचा वेग साधारण दिवसाला एक मिलिमीटर असतो. जबड्यातल्या छिद्रापासून ओठापर्यंतचे अंतर त्या मापाने पार करायला, सगळे सुरळीत झाले तरी, तीनेक महिने लागतात, आणि प्रत्यक्षात सुरुवातीचा विलंब व व्रणाचा अडथळा धरला तर त्याहून बरेच जास्त.

मधल्या काळात हीच चेता तात्पुरती बधिर करण्याची कला सापडली होती. व्हिएन्नाच्या कार्ल कोलर यांनी सप्टेंबर १८८४ मध्ये कोकेनने डोळा बधिर करता येतो हे जाहीर केले, आणि वर्ष संपायच्या आत न्यू यॉर्कमध्ये विल्यम हालस्टेड व रिचर्ड हॉल यांनी जबड्याची चेता हाडात शिरते तिथेच कोकेन टोचून अर्धा जबडा बधिर करून दाखवला. दातांच्या डॉक्टरांची सुई आजही त्याच छिद्राच्या रोखाने जाते. स्वतःवरच प्रयोग करत राहिलेल्या हालस्टेड यांना कोकेनचे व्यसन जडले, हा या शोधाचा काळा शेवट. बधिर ओठ कसा लागतो हे सामान्य माणसाला आज माहीत आहे ते या इंजेक्शनमुळेच. पण काही तासांनी उतरणारी बधिरता आणि केव्हा उतरेल हे कुणी सांगू शकत नाही अशी बधिरता यांत, ओठ तोच असला तरी, फार अंतर आहे.

जबडा सरळ करण्याच्या शस्त्रक्रियेचा आरंभ अमेरिकेत झाला. त्या वेळी व्हर्जिनियात असलेल्या व्हीलिंग या गावी सायमन हलिहेन यांनी एका तरुणीच्या खालच्या जबड्याचा पुढचा भाग दोन्ही बाजूंनी पाचरीसारखे हाड काढून मागे बसवला आणि १८४९ मध्ये त्याची हकिकत प्रसिद्ध केली. लहानपणी भाजल्यामुळे मानेवर पडलेल्या आवळत्या व्रणाने तिचा जबडा वर्षानुवर्षे पुढे खेचला गेला होता. सेंट लुईसच्या व्हिलरे ब्लेअर यांनी १८९७ मध्ये जबड्याचा आडवा भाग दोन्हीकडे आरपार कापला. आरपार कापणे म्हणजे नळीतली चेताही कापणे, हे उघड होते, आणि बरीच वर्षे ते नाइलाज म्हणून स्वीकारले गेले. विसाव्या शतकात सौंदर्याइतकेच ओठाच्या जाणिवेलाही मोल आले तेव्हा शल्यविशारद आडवाटा शोधू लागले : रीड डिंगमन यांनी १९४४ मध्ये दोन टप्प्यांत हाड काढून मधली चेता जपण्याची रीत मांडली, तर कॉल्डवेल व लेटरमन यांनी १९५४ मध्ये मागची उभी पट्टी छिद्राच्याही मागून वरपासून खालपर्यंत कापून चेतेला बगल दिली. या दुसऱ्या रीतीत ओठ सहसा वाचतो, पण हाडाचे तुकडे एकमेकांना नीट भिडत नाहीत, त्यामुळे वरचे-खालचे दात तारेने बांधून रुग्णाला कित्येक आठवडे पातळ पदार्थांवर राहावे लागते.

ऑस्ट्रियातील ग्राझ येथे हुगो ओब्वेगेझर यांनी १९५३ मध्ये केलेल्या शस्त्रक्रियेने हा सगळा हिशेब बदलला. त्यांनी जबड्याची मागची पट्टी आडवी किंवा उभी तोडली नाही, तर लाकडाची फळी जाडीतून चिरावी तशी ती आतल्या व बाहेरच्या अशा दोन पातळ फळ्यांत चिरली. आतला काप चेता शिरते त्या छिद्राच्या वर घेतला, म्हणजे चेता दात असलेल्या आतल्या फळीबरोबर राहते आणि दोन फळ्या एकमेकींवरून सरकवल्या तरी हाडाला हाड रुंद पृष्ठभागावर भिडलेले राहते. शस्त्रक्रिया तोंडातून होत असल्याने गालावर व्रणही राहत नाही. ओब्वेगेझर व त्यांचे वरिष्ठ रिचर्ड ट्राउनर यांनी ही पद्धत १९५५ मध्ये जर्मनमध्ये आणि १९५७ मध्ये इंग्रजीत प्रसिद्ध केली, इटलीच्या दाल पोंट यांनी १९६१ मध्ये बाहेरचा काप दाढांपर्यंत पुढे आणून भिडणारा पृष्ठभाग आणखी वाढवला, आणि १९६६ मध्ये वॉशिंग्टनच्या वॉल्टर रीड लष्करी रुग्णालयात ओब्वेगेझर यांनी दिलेल्या व्याख्यानांनंतर अमेरिकेतही ती रुळली. चेता न तोडता जबडा सरकवण्याची सोय झाली, पण नेमकी हीच शस्त्रक्रिया ओठाच्या बधिरतेची सर्वांत नेहमीची जन्मदात्री ठरली, कारण ती चेतेला टाळत नाही, तिच्या अगदी अंगाला घासून जाते. छिद्राजवळ मांस बाजूला धरणाऱ्या पट्टीने ती ताणली जाते. छिन्नीचा घाव तिच्या नळीला लागतो. काही जणांत नळी बाहेरच्या हाडाला इतकी चिकटून असते की चिरताना चेता बाहेरच्या फळीत अडकून येते आणि डॉक्टरांना ती हलक्या हाताने सोडवून आतल्या फळीत परत ठेवावी लागते. बेर्न्ड श्पिसल यांनी १९७४ मध्ये दोन फळ्या स्क्रूने आवळण्याची पद्धत आणल्यावर रुग्णाचे दात बांधून ठेवण्याची गरज मावळली, पण करकचून आवळलेल्या फळ्यांमध्ये चेता दाबली जाण्याचा नवा धोका आला. पुढे फळ्यांमधले अंतर राखणारे स्क्रू व छोट्या पट्ट्या वापरात आल्या त्यामागे हेही एक कारण होते. शस्त्रक्रियेची प्रत्येक सोय अशी कुठेतरी चेतेच्या खाती नावे पडत गेली.

ताणलेली, दबलेली आणि तुटलेली चेता यांत फरक करण्याची भाषा जबड्याच्या नव्हे, युद्धातल्या जखमांच्या अभ्यासातून आली. दुसऱ्या महायुद्धात ऑक्सफर्डमध्ये हातापायांच्या जखमा पाहणाऱ्या हर्बर्ट सेडन यांनी १९४३ मध्ये चेतेच्या इजेचे तीन प्रकार केले. पहिल्यात, न्यूराप्रॅक्सियात, तंतू अखंड असतो, फक्त संदेश अडतो, आणि तो काही दिवसांत ते काही आठवड्यांत सुटतो. दुसऱ्यात, ॲक्सोनोटमेसिसमध्ये, आतला तंतू तुटतो पण वेष्टन शाबूत असते, म्हणून वॉलर यांनी दाखवलेली पडझड व काहाल यांनी काढलेली वाढ असा सगळा प्रवास महिनोन्महिने चालतो. तिसऱ्यात, न्यूरोटमेसिसमध्ये, पूर्ण चेताच तुटते आणि टोके शिवल्याशिवाय नीट भरून येण्याची आशा थोडी. मेलबर्नच्या सिडनी संडरलँड यांनी १९५१ मध्ये याच्या पाच पायऱ्या केल्या. एकाच रुग्णाच्या एकाच चेतेत काही तंतू पहिल्या पायरीवर आणि काही चौथीवर असू शकतात, आणि म्हणून ओठाचा कोपरा दोन आठवड्यांत जागा होऊन हनुवटीचा मधला भाग वर्षभर झोपलेला राहतो. अशा वेळी हाडाची नळी कामाला येते. ज्या बोगद्यात पूर्वीच्या शल्यविशारदांनी बुचे ठोकली त्याच बोगद्यातून नव्या तंतूंना ओठाकडे जाण्याची दिशा मिळते. उघड्या मांसात तुटलेल्या चेतेला असा वाटाड्या नसतो. वय हा दुसरा मोठा घटक आहे, आणि चाळिशीपुढच्या रुग्णांत जाणीव अपुरी परतण्याचे प्रमाण तरुणांपेक्षा जास्त असते हे अनेक देशांच्या अनुभवांतून दिसले आहे.

परतणारी जाणीव पहिल्यांदा स्पर्शाच्या रूपात येत नाही, ती मुंग्यांच्या रूपात येते. फ्रान्सच्या झ्यूल टिनेल यांनी १९१५ मध्ये, पहिल्या महायुद्धातल्या जखमी सैनिकांवरून, एक खूण नोंदवली : दुखावलेल्या चेतेवर बोटाने हलके टिचकले असता तिच्या टापूत मुंग्या येतात, आणि ती जागा महिन्यागणिक पुढे सरकते, म्हणजे वाढणारे टोक कुठवर आले ते त्यावरून कळते. टिनेल यांनी वापरलेला फ्रेंच शब्द मुंगीवरूनच आलेला आहे, आणि मराठीतही बधिर अवयव जागा होताना ‘मुंग्या येतात’, हा योगायोग म्हणायचा की माणसाच्या कातडीची साक्ष, ते वाचकाने ठरवावे. लंडनचे डॉक्टर हेन्री हेड यांचे धाडस याच्याही आधीचे. रुग्णांना नेमके सांगता येत नाही म्हणून त्यांनी २५ एप्रिल १९०३ रोजी आपल्या डाव्या हातातली त्वचेची चेता तोडून घेतली, आणि केंब्रिजमध्ये आपले सहकारी रिव्हर्स यांच्यासह पुढची चार वर्षे जाणीव कशी परतते ते तपासले. आधी भरड, पसरट, बोचरी जाणीव येते, जिला जागा नीट सांगता येत नाही, आणि नाजूक स्पर्श फार मागाहून येतो, असे त्यांना आढळले. त्यावरून उभारलेला त्यांचा सिद्धान्त आज मान्य नाही, पण वर्णन खरे आहे. जबड्याच्या शस्त्रक्रियेनंतर चौथ्या-पाचव्या महिन्यात गार वाऱ्याने ओठ चिडतो, हनुवटीला हात लावला तर तो ओठाच्या कोपऱ्याशी लागल्यासारखा वाटतो, आणि बरे होण्याच्या या खुणांनाच रुग्ण बिघाड समजून घाबरतो. जागेचा असा भास होण्याचे कारण साधे आहे : वाढणाऱ्या तंतूंपैकी काही आपली जुनी वाट चुकून शेजारच्या वेष्टनात शिरलेले असतात आणि मेंदू अजून जुन्याच नकाशावरून पत्ता वाचत असतो.

नकाशा बदलता येतो, ही समजूत हातांच्या शल्यचिकित्सेतून तोंडाकडे आली. हाताची चेता शिवल्यावर रुग्णाला डोळे उघडे ठेवून व मिटून वेगवेगळे पोत ओळखायला लावण्याचे शिक्षण विसाव्या शतकाच्या उत्तरार्धात रूढ झाले होते. नॉर्थ कॅरोलायना विद्यापीठातील संशोधकांनी जबड्याच्या शस्त्रक्रियेनंतर रुग्णांना आरशासमोर मऊ ब्रशने ओठावर व हनुवटीवर रेघा ओढून, त्या कुठून कुठे गेल्या ते आधी पाहून आणि मग डोळे मिटून ओळखायला लावले, आणि २००७ मध्ये नोंदवले की असा सराव करणाऱ्यांना बदललेल्या जाणिवेचा त्रास कमी वाटतो. चेता त्यामुळे लवकर वाढते असे त्यांनी म्हटलेले नाही, आणि हा फरक रुग्णाला समजावून सांगण्याजोगा आहे.

वरच्या जबड्याची कथा सौम्य आहे. तिथला काप ल फोर यांनी १९०१ मध्ये शवांच्या डोक्यांवर आघात करून शोधलेल्या भेगेच्या रेषेने जातो, दात व हिरड्या काही काळ बधिर होतात, गालाची चेता ताणली गेली तर वरचा ओठही, पण त्या चेतेला लांब बोगद्यातून जायचे नसल्याने जाणीव बहुधा लवकर परतते.

बधिर टापू मोजण्याची साधने मात्र फारशी बदललेली नाहीत. लाइपझिगच्या एर्न्स्ट वेबर यांनी १८३४ मध्ये कंपासची दोन टोके कातडीवर टेकवून, ती दोन म्हणून कुठवर कळतात ते मोजले होते आणि जिभेच्या टोकाला सर्वांत तीक्ष्ण ठरवले होते. त्रिमिती स्कॅनमध्ये चेतेची नळी स्पष्ट दिसत असली, तरी तपासणीच्या खोलीत आजही रुग्णाला डोळे मिटायला सांगतात, कापसाचे टोक बधिर भागाकडून जाग्या भागाकडे सावकाश आणतात, आणि रुग्ण ‘आता लागले’ म्हणेल तिथे हनुवटीवर पेनाने ठिपका करतात. ठिपके जोडून झालेली आकृती कागदावर उतरवून तारीख घालतात. पुढच्या भेटीला त्याच कागदावर दुसरी आकृती येते, बहुधा पहिलीच्या आत.